चौथा ओटा

त्या राज्यात कोणतीही गोष्ट एकटी वर जात नसे. खालच्या वस्त्यांमधून गडावरच्या दरबाराला काही कळवायचं झालं, तर ते शब्दांनी नव्हे, वस्तूंनी कळवायचं आणि कावडीनेच पाठवायचं, अशी रीत होती. पीक चांगलं आलं तर कणसं पाठवायची, विहीर आटली तर तळाचे गोटे. कावड म्हणजे एक लांब बांबू. त्याचं एक टोक पुढच्याच्या खांद्यावर, दुसरं मागच्याच्या, आणि दोघांजवळ एकेक पाटी लटकलेली. नियम एकच होता. पुढच्या पाटीत जे असेल, त्याच प्रकारचं मागच्या पाटीत हवं. पुढे दाणे तर मागेही दाणे, पुढे ओलं तर मागेही ओलं. हा नियम कुणी केला ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्याचा कर्ता सापडत नाही तो नियम मोडायचा तरी कुणाला विचारून?

कावडी वाहणाऱ्या जोड्या ठरलेल्या होत्या. जसा आणि तसा हे जुळे भाऊ. एकतर आणि नाहीतर हे नवरा-बायको, घाट चढताना अखंड भांडायचे, पण खांदा कधी निसटू द्यायचे नाहीत. ना आणि ना अशीही एक जोडी होती. त्यांच्या दोन्ही पाट्या कायम रिकाम्या, त्यामुळे ते सगळ्यांत लवकर पार व्हायचे आणि त्याबद्दल त्यांचा मानही मोठा होता.

आपल्याला काम आहे ते जरी आणि तरी यांच्याशी. जरी पुढे चाले. रुंद खांद्याचा, शांत, कशालाही हो म्हणणारा गडी. त्याच्या पाटीत नेहमी सगळ्यांना मान्य असलेलं काहीतरी असे. तरी मागे चाले. चढावर मागच्यावर जास्त भार येतो, आणि खरं सांगायचं ते लोक नेहमी त्याच्याच पाटीत ठेवत. तो मनाने हळवा होता, मात्र हळवेपणापेक्षा त्याला आपल्या नावाची काळजी जास्त होती. बारा वर्षांत त्या जोडीची एकही कावड परत आली नव्हती, आणि ही गोष्ट तो कुणी न विचारताही सांगायचा.

कावड परत येण्याची जागा म्हणजे अर्ध्या घाटातला दरवाजा. तिथे पाणसळ बसे. गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतात तीच ही, लाकडी अंगाची, पोटातल्या काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. तिच्यासमोर चार दगडी ओटे होते. आणलेल्या ओझ्याच्या चार वेगवेगळ्या मांडण्या करून त्या चार ओट्यांवर ठेवायच्या, प्रत्येक ओट्यावर दोन सुपं, पुढच्या पाटीचं एक, मागच्या पाटीचं एक. पाणसळ चारही बघे, एकावर बोट ठेवल्यासारखी थांबे, आणि उरलेल्या तीन मांडण्या दरवाजामागच्या दरीत लोटल्या जात. एकही सारखी निघाली नाही, तर कावड खाली परत. यातली खरी कोणती, असं तिने कधी विचारलं नाही. बरोबर कोणती, एवढंच ती सांगे. ती लबाड मुळीच नव्हती, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. तिला जे बघायला बसवलं होतं ते ती चोख बघत होती.

त्या वर्षी पावसाळा सरला, आभाळ मोकळं झालं आणि ऊन चटके देऊ लागलं, तेव्हा सगळ्यांत खालच्या वस्तीतून या जोडीला बोलावणं आलं. वस्तीच्या डोक्यावर एक जुना दगडी बंधारा होता आणि तो काठोकाठ भरला होता. ठकू नावाची बाई तिथे वाट बघत उभी होती. तिचा भाऊ दादू आंधळा. दिवसभर बंधाऱ्याच्या सावलीत बसून तो दोर वळायचा. भिंतीच्या आतून काहीतरी झिरपतंय हे पहिल्यांदा त्याला ऐकू आलं. वस्तीतल्या शहाण्यांनी त्याला वेड्यात काढलं. ठकूने मात्र भिंतीला कान लावला, मग हात लावला, आणि कावड मागवली.

जरीच्या पाटीत तिने भिंतीतून निखळलेले काही दगड ठेवले होते. तासलेले, चौकोनी, बघताच भरवसा वाटावा असे. तरीच्या पाटीत होता भिंतीच्या सांध्यांतून आलेला चिखल, वर ओलं गोणपाट टाकून झाकलेला.

"दगड भिंतीत जसे बसले होते तस्सेच ठेवलेत, हलवू नका," ती जरीला म्हणाली. मग तरीकडे वळून म्हणाली, "आणि हे वाळू द्यायचं नाही, बाबा. गोणपाटावर पाणी मारत राहा. ओलं आहे तसं पोचव."

तरीने शब्द दिला. बंधारा फुटला तर चाळीस घरं खाली आहेत, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती त्याच्या डोळ्यांसमोरच होती, आणि एका दारात दादू दोर वळत बसला होता. तो मान वर करून म्हणाला की वरून माणसं येईपर्यंत आपण टेकडीवर राहायला जावं. ठकू म्हणाली, निरोप पोचला की माणसं आठवड्याभरात येतात, तोवर कळ काढू. नाहीच पोचला तर मग जाऊ टेकडीवर.

जोडी निघाली. घाट उन्हाने तापला होता. मागून चालणाऱ्या तरीला सबंध वाट पुढची पाटी दिसत होती, आणि जरीच्या मागे पायऱ्यांवर पडणारे थेंबही दिसत होते. बिचारा घामाने निथळतोय, असं त्याला वाटलं. त्याला जरीची दया आली आणि तो आपल्या गोणपाटावर पाणी मारत वर चढत राहिला.

दरवाजापाशी रांग होती. पुढे जसा-तसा, त्यांच्या पुढे आणखी दोन जोड्या. रांगेत उभं राहिलं की माणूस विचार करू लागतो, आणि तिथेच घोटाळा होतो. तरीने पुढच्या पाटीत पाहिलं, कोरडे दगड. आपल्या पाटीत पाहिलं, ओला चिखल. इतका वेळ त्याच्या लक्षात न आलेली गोष्ट आता लख्ख दिसली. ही कावड परत येणार. पुढे टणक, मागे मऊ. पुढे कोरडं, मागे ओलं. बारा वर्षांत पहिल्यांदा रांगेतले लोक बाजूला सरून आपल्याला वाट देतील, खाली उतरायची. आणि निरोप पोचणारच नाही, मग त्या ओलेपणाला चाटायचंय का? हे दुसरं कारण त्याने नंतर शोधलं. पण शोधलं की ते पहिल्याच्या पुढे उभं केलं, आणि मग त्याला बरं वाटलं.

जरीला विचारलं, तर तो म्हणाला, तुझी पाटी, तू बघ. माझे दगड ठीक आहेत.

रस्त्याकडेला एक काळा कातळ होता, तव्यासारखा तापलेला. तरीने थोडा चिखल पाटीतच ठेवला आणि बाकीचा त्या कातळावर पसरला. आपल्या हाताने तो थापला, दगडांच्या मापाचे चौकोन पाडले, कडा बोटाने सारख्या केल्या. हात चांगले चालत होते. दुपार कलेपर्यंत चौकोन खडखडीत वाळले, आणि वाजवून बघितले तर दगडासारखेच वाजले. एक चौकोन उचलताना त्याच्या तळहातावर कोरडी भुकटी राहिली. ती त्याने धोतराला पुसली, आणि ती गेली नाही म्हणून पुन्हा पुसली.

पाळी आली. पहिल्या ओट्यावर त्याने ठकूने दिलं होतं तसंच ठेवलं, एका सुपात दगड, दुसऱ्यात ओला चिखल. दुसऱ्या ओट्यावर दगड आणि पानात बांधलेला चिखल. तिसऱ्यावर नुसते दगड, दोन्ही सुपांत. चौथ्यावर दगड आणि वाळलेले चौकोन. पहिल्या ओट्यावरचा एक दगड सरळ करायला उचलला, तेव्हा सुपात त्याच्याखाली ओला ठसा दिसला. शेजारचा चिखल ओघळला असेल, असं म्हणून तरीने उपरण्याने तो टिपला आणि दगड होता तसा ठेवून दिला. आपण खरी मांडणीसुद्धा ठेवली आहे, एवढं समाधान त्याने मनाशी बांधून घेतलं. पाणसळ ती उचलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनच ती ठेवली होती.

पाणसळ पहिल्या ओट्यापाशी थांबलीसुद्धा नाही. चौथ्यापाशी आली, बुडबुडा नळीच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"ही. इतकी सारखी मांडणी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही," ती म्हणाली.

बाकीच्या तीन मांडण्या दरीत गेल्या. तरीने तिकडे पाहिलं नाही. ओला चिखल पडल्याचा आवाज मात्र त्याला ऐकू आला, आणि तो बाकीच्यांपेक्षा वेगळा होता.

वर दरबारात सुपं फिरली. एका सुपात दगड पक्का, दुसऱ्या सुपात वीट पक्की. दरबाराने वाजवून पाहिलं आणि बंधारा शाबूत असल्याबद्दल आनंद व्यक्त केला. इतका नीट आलेला निरोप म्हणून जोडीला पितळी कड्यांचा नवा बांबू मिळाला. वस्तीला उत्तरही याच जोडीबरोबर धाडलं, पुढच्या पाटीत बत्तासे, मागच्या पाटीत बत्तासे. याचा अर्थ राज्यात सगळ्यांना माहीत होता. निरोप पावला.

वस्तीत बत्तासे वाटले गेले. ठकूने आपला बत्तासा हातातच धरून ठेवला होता.

"ओलं पोचवलंस ना?" तिने तरीला विचारलं.

खरं सांगायची हीच वेळ होती. टेकडी समोर होती, वर जायला अर्धा तास लागला असता, चाळीस घरांतली माणसं गाडगीमडकी उचलून संध्याकाळच्या आत वर गेली असती. तरीच्या खांद्यावर पितळी कड्यांचा बांबू होता. पोरंसोरं त्या कड्या हाताने फिरवून बघत होती.

"पोचलं," तो म्हणाला.

दादूने त्याच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग तो पुन्हा दोर वळू लागला.

पाचव्या दिवशी भर दुपारी बंधारा फुटला. बरेच लोक शेतात होते म्हणून वाचले. चाळीसपैकी एकोणतीस घरं गेली आणि दारात बसलेला दादू गेला. त्याच्या हातातला दोर खालच्या नाल्यात बाभळीला गुंडाळलेला सापडला.

दरबाराने खेद व्यक्त केला. त्यासाठी खाली पाठवलेल्या कावडीत दोन्ही पाट्यांमध्ये पांढरी फुलं होती, मोजून सारखी. चौकशीही झाली. पाणसळीने सांगितलं की आलेली मांडणी बरोबर होती, आणि ते खरंच होतं. कुणाचीच चूक निघाली नाही.

जरी म्हणाला, आपलं ओझं पार झालं, पुढचं आपल्या हातात नसतं. तो हे मनापासून म्हणत होता, त्याला रात्रीची झोपही लागत होती. पण खाई त्याला खवखवे. तरीच्या घशाखाली घास उतरेना. भाकरी मोडली की बोटांना भुकटी लागल्यासारखं वाटे. लोक पितळी कड्यांकडे बघत तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. त्याने कड्या फडक्यात गुंडाळल्या. लोकांना वाटलं, जपतोय. आपण परत आलो असतो तर काय झालं असतं, हे तो रोज नव्याने स्वतःला सांगे. चार लोक हसले असते. एवढंच. चार लोक हसले असते आणि दादू टेकडीवर बसून दोर वळत असता.

थंडी पडली तेव्हा तो एका सकाळी एकटाच ठकूकडे गेला. उरलेली वस्ती आता टेकडीवर होती. ठकू दगडांची चूल मांडत होती. त्याने बसायच्याही आधी सगळं सांगून टाकलं. कातळ, चौकोन, चौथा ओटा. आणि मग ते दुसरं, जे त्याहून वाईट होतं.

"पोचलं नव्हतं, मावशी. मला माहीत होतं पोचलं नाही ते. खोटं बोललो मी."

ठकूने चुलीचा दगड खाली ठेवला. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"दादू म्हणाला होता," ती शेवटी म्हणाली. "तू गेल्यावर म्हणाला, या माणसाचा आवाज कोरडा आहे. मीच त्याला गप्प केलं. म्हटलं, बत्तासे आलेत, आणखी काय पाहिजे."

मग, गुन्हेगार माणूस शेवटी जे करतो ते तरीनेही केलं, कारण सांगू लागला. पुढे दगड होते, मागे चिखल होता, दोन्ही जुळत नव्हतं, पाणसळीने ते कधीच सोडलं नसतं. जुळवायला काहीतरी करणं भाग होतं.

ठकू त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू त्याचं बोलणं तिला कळतच नव्हतं.

"जुळत कसं नव्हतं?" ती म्हणाली. "दगड उचलून पाहिलेत का तुम्ही? भिंतीत बसले होते तसे ठेवले होते मी, कोरडी बाजू वर, ओली खाली. वरचे लोक एक तरी उचलतील, असं वाटलं मला. दोन्ही पाट्यांत पाणीच घातलं होतं, बाबा."

तरी उठला. तो तसाच घाटाच्या वाटेला लागला, खांद्यावर कावड नसताना, जसं त्या वाटेने कुणी जात नसे. दरवाजाच्या बाजूने खाली दरीत उतरायला पायवाटसुद्धा नव्हती, झुडपं धरत उतरावं लागलं. तळाशी वर्षानुवर्षांच्या नाकारलेल्या मांडण्यांचा ढीग होता, फुटलेली मडकी, काळी पडलेली कणसं, कुणाच्या तरी बांगड्या, एकच चप्पल. त्या ढिगात एका ठिकाणी हातभर जागा हिरवी दिसली. तिथे लव्हाळा उगवला होता. चिखल अजून ओला होता आणि त्यात तासलेला एक दगड अर्धा रुतला होता. तरीने तो उलटला. खालची बाजू काळीशार होती, शेवाळलेली, आणि त्याचा अंगठा भिजला.

तो तिथेच बसला आणि रडला. जरी असता तर म्हणाला असता, असू दे. बरं झालं तो नव्हता.

बऱ्याच वेळाने दगड काखेत घेऊन तो वर आला. दरवाजापाशी रांग लागलेली होती, घाटाच्या पार खालच्या वळणापर्यंत. जसा-तसा होते, एकतर-नाहीतर होते, नव्या नव्या जोड्या होत्या. बोचरा वारा सुटला होता. सगळ्यांनी घोंगड्या लपेटल्या होत्या, तोंडांतून वाफा निघत होत्या, आणि प्रत्येक मागचा वाहक आपली पाटी पुढच्या पाटीसारखी दिसावी म्हणून तिच्यात हात घालून काहीतरी सारखं करत होता.

तरीने ओली बाजू वर करून दगड पहिल्या ओट्यावर ठेवला. पाणसळीने तिकडे वळून पाहिलं नाही. एकच सूप आहे, ती म्हणाली, एका सुपाचं काही ठरवता येत नाही. तो वाद घालायला थांबला नाही. वळला, आणि उतरायला पहिली पायरी शोधण्यासाठी त्याने खाली पाहिलं.

पायरी ओली होती. तिच्या खालचीही. रांगेतल्या प्रत्येक पुढच्या पाटीखाली, तळाच्या वळणापर्यंत, पायऱ्यांवर थेंब पडत होते, आणि त्या थंडीत एकाही माणसाला घाम आलेला नव्हता.